दाब, धर, सोड

पसरणीचा घाट उतरून वाईकडं वळलं
की उजव्या हाताला हाशम शिकलगारचं गॅरेज.
बोर्ड नाही. गाड्या वासानं येतात.
जळक्या लायनरचा वास, चाकातनं धूर,
मागच्या सीटवर स्ट्रॉबेरीचे खोके,
आणि घामेजलेलं कुणीतरी सांगत असतं,
"पाय पार खाली गेला हो, काही लागेचना."

हाशमचाचा आधी चहा पाजायचे.
चाक गार होईतो हात लावायचा नाही,
माणूस गार होईतो बोलायचं नाही.
मग हळूच, "कुठल्या गिअरवर उतरला?"
माणूस दुसरीकडं बघायचा.
"ज्या गिअरनं चढता, त्याच गिअरनं उतरायचं, साहेब.
इंजनला पण धरू द्या जरा.
सगळंच ब्रेकच्या गळ्यात घालू नका."

मी चौदाचा होतो. दहा नंबरचा पाना कुठला
एवढंच कळायचं.
चाचांनी डबीतलं तेल दाखवलं, काळं, चहाच्या गाळासारखं.
"हे पाणी पितं. झाकण लावलं तरी
हवेतलं चोरून पितं.
मग घाटात तापलं की उकळतं, उकळलं की बुडबुडे.
तेल दबत नाही, पोरा. बुडबुडा दबतो.
तू पाय देतोस, तो मधल्यामधी गिळून बसतो.
चाकाला निरोपच पोचत नाही."

मग मागच्या घरात हाक जायची, "अगं, ये."
जैतूनचाची यायच्या, हाताला कणीक तशीच,
कोपरानं दार ढकलून सीटवर बसायच्या.
चाचा चाकामागं आडवे.
एकमेकांचं तोंड एकमेकांना दिसत नसे.

दाब.
दाब.
दाब. धर.
निपल अर्धा आटा सुटायचा,
नळीतून बाटलीत
तेल, बुडबुडा, तेल, बुडबुडा,
पेडल हळूहळू तळाला.
"धरलंय," वरून आवाज. "धरलंय."
निपल आवळला.
सोड.

आधी मागचं डावं, सगळ्यात लांबचं.
मग मागचं उजवं. मग पुढचं डावं.
पायाजवळचं सगळ्यात शेवटी.
का, ते मला दोन वर्षांनी उमगलं.

एका उन्हाळ्यात दोघांचं बोलणं बंद.
कशावरून, माहीत नाही. पोरीच्या सोयरिकीवरून असावं.
अठरा दिवस जेवणाचं ताट मीच आत-बाहेर करत होतो.
तेवढ्यात सात गाड्यांची हवा काढली आम्ही.
दाब. धर. धरलंय. सोड.
एवढं मात्र चालू होतं.
आठव्या गाडीला चाचा "सोड" म्हणाले
आणि चाचींनी सोडलं नाही.
"सोड की."
"आधी तुम्ही सोडा."
मी पाना शोधायला रस्त्यापर्यंत गेलो.
पाना माझ्या खिशातच होता.

आता चाचींचे दोन्ही गुडघे बदललेत, साताऱ्याला.
पोरानं पुण्याहून यंत्र आणून दिलं,
निपलला लावलं की हवा ओढून घेतं,
दुसरं माणूस लागत नाही.
चाचांनी ते पुसून, पिशवीत घालून
जुन्या गॅस्केटांच्या वर फळीवर ठेवलंय.
"नळी नीट बसत नाही," म्हणतात.
बसते. मी लावून बघितलीय.

सीटवर मी असतो.
चाची दारात, प्लॅस्टिकच्या खुर्चीत, लसूण सोलत.
बाटलीकडं बघतसुद्धा नाहीत.
चाचा खालून विचारतात, "झालं का?"
मला नव्हे.
त्या पेडलचा आवाज ऐकतात,
परत येताना कसं येतंय ते.
"पुढच्या डाव्यात एक आहे अजून."
"स्वच्छ आलंय गं."
"आहे."
चाचा कूस बदलतात, कण्हतात, पाना लावतात.
मी दाबतो. धरतो.
नळीत,
तिळाएवढा,
वर येतो.