कोपर

येमूल मास्तरांच्या स्टुडिओमागं
टॉवेलांचे चार माग चालतात.
भिंत थरथरते, तिपाई थरथरते,
आणि माझ्या चष्म्याच्या डाव्या काचेवर
शर्टाच्या गुंडीएवढा गोल ओरखडा.
दर दोन वर्षांनी नवी काच,
दर दोन वर्षांनी तिथंच.

नवी पेठेतला चष्मेवाला विचारतो,
ताई, हे घासता तरी कशावर?
लोकांच्या लग्नांवर, म्हणते मी.

चष्मा काढला तर नवरा-नवरी
पहिल्या धुण्यात रंग सुटलेल्या चादरीसारखी.
ठेवला, तर डोळा बोटभर लांब राहतो
आणि त्या बोटभरात चौकट कुरतडली जाते.
मधलं तेवढं दिसतं. हार, मुंडावळ्या, हसू.
कडेची माणसं
मी अंदाजानं घ्यायची.

मे महिना, अक्कलकोट रोडचं कार्यालय,
बत्तीस जणांचा ग्रुप,
घामानं काच धुरकटलेली.
दाबलं.

पंधरा दिवसांनी रत्नव्वा आली, नवरीची आत्या.
अल्बम मांडीवर घेऊन
एकेका तोंडावरून बोट फिरवत गेली
उजव्या टोकापर्यंत.
तिथं बोट थांबलं.
"हे कोपर माझं हाय बघ.
ह्या चार बांगड्या. दोन फुटल्या नंतर,
जीपमधी चढताना."

मी काही बोलले नाही.
मागांचा आवाज होता म्हणून बरं.

"एक कापी दे की ह्याची."
पैसे नको म्हटलं तर रागावली.
"कोपर माझं, तर पैसे बी माझेच."

त्या रात्री मास्तरांचं ऐकलं,
वीस वर्षं उशिरा.
भिंगाशेजारी ज्वारीच्या दाण्याएवढं चाक असतं,
चष्मा घालूनच ते नखानं फिरवायचं.
"माणसं नको बघू," मास्तर म्हणायचे,
"खालचे आकडे बघ.
आकडे स्वच्छ झाले की थांब."
साठ रुपयांची नवी रबराची वाटी आणली,
ती मागं दुमडली.
नाक पडद्यावर तेलकट ठसा सोडतं,
सोडू दे.

तरी चारी कोपरे
एकदम नाहीच दिसत.
मग डोळ्यालाच चालायला लावते,
झोपण्याआधी फिरावं तसं:
गॅस, नळ, मागचं दार,
आणि पुढची कडी, जी लावलेली असतेच
तरी हात लावून बघायची.

लोक कंटाळतात. नवरदेवाचा मामा ओरडतो,
ओ ताई, दाबा की आता!
पोरं हलतात, कुणाचा तरी फेटा सुटतो.

थांबा, म्हणते मी,
उजवीकडच्या त्या बाई
अजून अर्ध्याच आत आल्यात.