पाणी सुटलं

"आई, पाणी सुटलं." रात्री दोनला मेसेज आला
आणि मी आधी नळाकडे बघितलं.
सोलापुरात पाचव्या दिवशी पाणी येतं, असंच, अवेळी,
गल्लीत वर्दी फिरते ती ह्याच शब्दांत.
नळ खरंच वाजत होता.
मग कळलं, कुठलं पाणी.
उत्रेख्तमध्ये तेव्हा साडेदहा.

एकतीस वर्षं महापालिकेच्या प्रसूतिगृहात काढली मी.
विड्या वळता वळता कळा सुरू झालेल्या बाया,
बोटांना तंबाखूचा वास,
तेलुगूत देवाला, कन्नडात नवऱ्याला
आणि मराठीत मला शिव्या घालत मोकळ्या झाल्या.
किती, ते मोजलं नाही. रजिस्टरात असेल.
आणि माझी स्वतःची पोर
मरायके नावाच्या, सायकलवरून येणाऱ्या बाईच्या हवाली.

नऊ महिन्यांत सोनोग्राफी दोनच.
"डॉक्टर कुठाय गं तुझा?"
"डॉक्टर आजाऱ्यांना, आई. मी कुठे आजारी आहे?"
ताप आला तर पॅरासिटामॉल,
पाय सुजले तर उशीवर ठेव,
रडू आलं तर मरायकेला फोन कर, ती ऐकते.
मी शेजारच्या गज्जमवहिनींना म्हणायची,
एवढ्या श्रीमंत देशात इंजेक्शनं संपलीत वाटतं.

सातव्या महिन्यात खोका भरला.
डिंक, अळीव, खारीक, बाळंतशोपा,
जुन्या इरकलीची दोन दुपटी, एक चादर.
कुरियरवाला पुडी हुंगून म्हणाला, हे काय लिहू?
औषध लिही. औषध जात नाही.
खाऊ लिही. घरचा खाऊपण जात नाही.
दुपटी आणि चादर तेवढी गेली.
व्हिसाच्या फॉर्मवर 'प्रवासाचं कारण' होतं.
मी लिहिलं, बाळंतपण.
एजंटानं माझ्या पांढऱ्या केसांकडे बघितलं,
खोडून 'पर्यटन' केलं.
तारीख मिळाली जुलैची. हा मे.

अडीचला तिनं फोन कपाटावर उभा केला.
मी इकडे मोरीत, एका हातात घागर.
पलंग उंच दिसला.
चारी पायांखाली लाकडाचे ठोकळे.
माझ्या पोटात धस्स झालं;
आमच्याकडे पायथ्याला विटा लावायच्या
त्या रक्त थांबत नसलं की.
"स्रवंती, ब्लीडिंग आहे का? खरं सांग!"

ती हसली, दोन कळांच्या मधल्या फटीत.
"नाही गं. मरायकेची पाठ दुखू नये म्हणून.
नियमच आहे इथं."

घागर भरून वाहायला लागली, वाहू दिली.
पाच दिवसांचं पाणी, गेलं मोरीतून.
गुडघ्याएवढ्या लोखंडी खाटांवर वाकले मी
एकतीस वर्षं.
कमरेचा पट्टा अजून खुंटीला आहे.
कुणी एक वीट सरकवली नाही माझ्यासाठी.
मलाही सुचलं नाही,
हे जास्त लागलं.

मरायके फोनकडे वळून काही बोलली.
"विचारतेय, तुला काही सांगायचंय का."
सांगायचं तर एवढं होतं...
खोलीतला पंखा, कान, डोकं, तूप, नाळ,
घाई करू नकोस म्हणावं, हयगयही नको.
मी म्हटलं, "हात आधी कोमट कर म्हणावं."
तिनं ऐकलं. दोन्ही तळवे घासले
आणि कॅमेऱ्यापुढे धरले,
तपासून घ्या, अशा.

साडेपाचला मुलगी झाली.
तोवर इकडचा नळ गेला होता,
शेजारी कुणाचा तरी माग सुरू झालेला, खटाखट,
पहिलं रडणं मला नीट ऐकूच आलं नाही.
स्रवंतीला परत रडव म्हणायची इच्छा झाली.

आठवड्यानं तिनं फोटो पाठवला:
टोस्टवर लोणी, वर गुलाबी-पांढरे दाणे.
भेटायला येणाऱ्यांना हेच देतात म्हणे.
आत शोप आहे, आई. बाळंतिणीच्या दुधासाठी चांगली, मरायके म्हणते.

परत आलेली पुडी माझ्या फडताळात आहे.
म्हटलं, सांग तिला, आम्हालापण माहीत आहे.

पाचव्या दिवशी नळ वाजला
त्याआधी मी गवंड्याकडून चार विटा आणल्या,
धुण्याच्या टबाखाली लावल्या.
गज्जमवहिनी विचारत होत्या, काय हो सिस्टर, हे काय?
म्हटलं, नियम आहे.