सातशे वीस

निलंग्याच्या अलीकडं, फाट्यावरून आत
माळावर जो टॉवर दिसतो
त्याच्या जनरेटरला डिझेल पाजायचं काम मपलं.
लाल दिवा वर, मी खाली.
गावाला वाटतं रेंज माझ्या खिशात असते.
सात वाजले की फोन सुरू:
"महालिंगआप्पा, मॅच अडकली, बघा की जरा."

काय बघू?
पाट एकच, वाफे तीनशे,
आन् सगळ्यांनी एकदम दारं फोडलेली.
मग ज्याच्या त्याच्या वाफ्यात ओल तेवढी.
पण त्यांचं निभतं.
चित्र विरघळलं तरी आवाज येत राहतो,
गेला, गेला, सीमेपार!
चेंडू कुणाला दिसलाय,
पारावर टाळ्या पडतात तरी.

माझ्या घरात आवाजाचा उपयोग नाही.
महानंदाला जन्मापासून ऐकू येत नाही.
लातूरहून सबिहा मॅडम हातांनी शिकवतात,
आठवड्यातून तीनदा, थेट,
संध्याकाळी सात.
नेमकं सात.

पहिल्या दिवशी कळलंच नाही पोरगी रडते कामून.
व्हिडिओ तर चालू होता,
एकदासुद्धा थांबला नव्हता.
तिनं फोन माझ्या डोळ्यांपुढं धरला:
मॅडमच्या पाच बोटांची
एक चौकोनी भाकर झालेली.
भाकर वर जाते, खाली येते,
कपाळाला लागून परत फिरते.
बोटा-बोटांमध्ये जी फट असते
तिच्यात शब्द राहतो म्हणे.
ती फटच बुजली होती.

बॅटऱ्या तपासायला इंजिनिअर आला, त्याला विचारलं.
"आपोआप कमी होते क्वालिटी, काका.
लोकांना थांबलेलं आवडत नाही,
म्हणून धुरकट करायचं, पण चालू ठेवायचं."
लोक म्हणजे कोण
हे विचारायचं राहिलं,
त्याला उदगीरला जायची घाई होती.

सेटिंग तिनंच शोधलं.
ऑटो काढून टाकलं, सातशे वीसवर बोट ठेवलं.
आन् मग चाक.
फिरतंय. फिरतंय.
माझा जीव वरखाली,
ती मांडी घालून निवांत,
कणसात दूध भरायची वाट बघावी तशी.
चाक थांबलं.
मॅडमचा हात आला. पाच बोटं, वेगवेगळी,
अंगठीसुद्धा, नखाचा उडालेला रंगसुद्धा.
मॅडम एक शब्द बोलल्या.
परत चाक.
तिकडं वर्ग सुटला
तेव्हा ही अजून हजेरीतच होती.

आता आम्ही रात्री दोनला निघतो.
गाव झोपलेलं, पाट मोकळा.
मी डिझेलचा कॅन घेईपर्यंत
ती स्वेटर घालून दारात.
टॉवरच्या बुडाशी रेंज नसते,
दिव्याखाली अंधार म्हणतात तसं,
म्हणून दोनशे पावलं चालून
ओढ्याच्या पुलाच्या कठड्यावर बसायचं.
तिथं संध्याकाळचा धडा सरळ वाहत येतो.
तिच्या चेहऱ्यावर निळा उजेड,
आन् पुलावर तिच्या हातांच्या सावल्या
मॅडमच्या हातांमागं पळतात.
कुत्रं एक येऊन बघतं, जातं.
मी अंगठ्यापासून सुरुवात केली.
डिझेलनं फुगलेली बोटं,
"पाणी" म्हणायला गेलो की "बाई" होतं.
तिला हसू येतं, पुन्हा करून दाखवते,
मी पुन्हा चुकतो.

मार्चमध्ये लातूरला गेलो, शाळा बघायला.
मॅडम समोर, हाताच्या अंतरावर,
मध्ये काहीच नाही.
त्यांनी खुणेनं विचारलं, सोबत कोण?
महानंदानं हवेत एक बोट गोल फिरवलं.
मॅडम खो-खो हसल्या
आन् मला वहीत लिहून दाखवलं:
तुमच्या नावाची खूण.
बफरिंग.
उशिरा कळतं तुम्हाला, असं म्हणते ती.

त्यापुढं महानंदा अजून काहीतरी म्हणाली.
लांबलचक. छातीशी हात नेऊन.
दहाही बोटं अगदी स्पष्ट दिसत होती,
मपलंच अजून लोड होत होतं.