पोर्ट क्रमांक तीन

सहकारनगरच्या त्या पतसंस्थेत मी
मंगळवारी अकरा वीसला शिरले.
गळ्यात एसी कंपनीचं ओळखपत्र,
फोटो माझा, नाव कुणाचंच नाही.
खिशात नखाएवढी काडी.
असली चिप तपकीर गल्लीत साडेतीनशेला,
घासाघीस केली तर तीनशे.

काडी एकच वाक्य खोटं बोलते.
म्हणते, मी कीबोर्ड आहे.
आणि मशीन,
चौदा अक्षरांच्या पासवर्डाखाली कुणाला दारात उभं न करणारं,
म्हणतं, या, बसा.

शेजारची चपटी खाच तर त्याहून वाईट.
तिथून येणारा थेट मेमरीत उतरतो,
मधे प्रोसेसरला हाक नाही,
जशी आमची बेबीआत्या
कडी न वाजवता सरळ फ्रिजपर्यंत.

भिंतीवर पाटी होती:
चपला, छत्री, पाकीट आपापल्या जबाबदारीवर.
पोर्टांचं काही लिहिलं नव्हतं.

ढमढेरे मामांनी आधी पाणी दिलं,
मग टेबल ओढून जागा केली.
कॅशियर जेवायला गेलेली.
तीन नंबरला मामांचाच फोन चार्ज होत होता.
मी नुसतं त्याच्याकडे पाहिलं, बाकी काही नाही,
तर त्यांनी वायर उपटली.
म्हणाले, तुमचं होऊ द्या ताई,
माझं काय, घरी लावीन.

चार सेकंद.
अकरा हजार खाती.
पंखा फिरत होता. एसीकडे मी
एकदाही वर पाहिलं नाही,
हेही त्यांच्या ध्यानात आलं नाही.
किंवा आलं असेल, आणि विचारणं
बरं दिसलं नसेल.

अहवालात लिहिलं:
दोष, पोर्ट क्रमांक तीन उघडे.
तीव्रता, अति.
उपाय, बुजवणे.
त्यापुढे एक रकाना असतो, जबाबदार व्यक्ती.
त्यावर मी अर्धा तास बसले.
व्यवस्थापकांचा दोनदा फोन आला, आत सोडलं कुणी?
मी म्हटलं, दार उघडंच होतं.
हे खरं होतं. सकाळी दहा ते दीड
ते उघडंच असतं.

दिवाळीनंतर फेरतपासणी.
मामा दारातच, खुर्ची टाकून.
ओळखपत्र, म्हणाले.
हातात घेऊन, अक्षराला अक्षर लावत
माझं खरं नाव वाचलं,
मग फोटो, मग मी, मग पुन्हा फोटो.
वहीत सही घेतली. पाणी
त्यांनी विचारलं नाही, मी मागितलं नाही.

आत प्रत्येक पोर्ट बुजवलेलं.
एमसील. दोन गोळे एकत्र मळून
कुणीतरी हातानंच भरलेलं,
आणि तीन नंबरवर जरा जास्तच दाबलेलं,
इतकं की अंगठ्याच्या रेषा तशाच वाळून बसल्यात.
नखानं खरवडून पाहिलं.
निघत नाही.
मी बरोबरची खूण केली.

बाहेर येताना दिसलं,
खुर्चीच्या हातावर त्यांचा फोन,
चार टक्के,
आणि गुंडाळून ठेवलेली वायर.