एकोणचाळीस दिवसांचा कोच

प्रेसचा संध्याकाळचा भोंगा झाला की
थिगळेच्या पंक्चरच्या दुकानामागे, पाण्याच्या टबाशेजारी
आमची बैठक भरते.
आज विषय एकच. रविवारी तो गेला.
सामान दोन बॅगा आणि एक व्हाईटबोर्ड;
व्हाईटबोर्ड क्लबचा होता.

एकोणचाळीस दिवस, दगू पाळदे म्हणतो,
माझ्या पोरीची सोयरीक मोडायलाही याहून जास्त लागले.
सात सामने, एक विजय,
तोही मनमाडच्या पोरांची गाडी चुकली म्हणून.

थिओफिल कसबे बशीत चहा ओततो, फुंकर घालतो.
कोच वाईट नव्हता, म्हणतो.
त्याला मैदान वेगळं सांगितलं होतं.

हे खरं आहे. कागदावर जेल रोड युनियनचं मैदान हिरवं आहे.
प्रत्यक्षात उत्तरेच्या कॉर्नरला कोथिंबिरीचे टेम्पो वळतात
आणि चेंडू तिथे उसळत नाही, नुसता बसतो,
कचेरीत जेवणाच्या सुट्टीनंतर बसावं तसा.

आणि ती भरती? मुनाफ पिंजारी पेटतो.
हवा होता डावा बचाव. आले तीन गोलकीपर!
तिघे एकाच एजंटचे,
त्यातला एक चष्म्याचा.
आता म्हणे अध्यक्ष निवडीची प्रक्रिया ठरवणार.
बैल गेला नि झोपा केला,
आणि झोप्याचं टेंडर पुन्हा साडूलाच.

देवळालीकडून तोफांचा सराव सुरू होतो.
धप्प.
टबातलं पाणी गोल गोल हलतं.
बोलणं कुणी थांबवत नाही,
इकडे जन्मलेल्याला तोफ म्हणजे भिंतीवरचं घड्याळ.

पण नेमला कुणी? दगू बोटं मोजतो.
समितीत अध्यक्ष, एक.
साडू, दोन.
तिसरं बोट तो उघडतो, आणि मिटतो,
आणि थिगळेला विचारतो, सोल्युशनची ट्यूब केवढ्याला झाली रे आता?

चहाचे पैसे मी देतो.

एकतीस वर्षं मी प्रेसमध्ये तपासणीला होतो.
केसभर सरकलेला आकडा, कोऱ्या कडेवर शाईचा ठिपका,
डोळ्याआधी बोटाला कळायचं.
कागद बाजूला. विचारायचं नाही कुणाला.

आणि त्या दुपारी द्वारकेच्या हॉटेलात, एसीखाली,
त्या माणसाची फाईल माझ्यासमोर होती.
एकाच मोसमात तो दोन गावांत कोच होता,
दोन्हीकडे म्हणे विजेता.
मला दिसलं.
खिशात पेन्सिल होती.
मी म्हणालो, साहेब, या तारखा...
अध्यक्ष म्हणाले, काका, इथे नोटा नाही तपासायच्या.
सगळे हसले.
मीही हसलो, आणि सगळ्यांत मोठ्यानं.
मग पनीर आलं.

त्या फाईलखाली एक अर्ज होता, हातानं लिहिलेला,
रेघा मारून, शाळेत मारतात तशा.
बावीस वर्षं पोरं शिकवली, अनुभव म्हणून एवढंच.
टाचणी कुणी काढली नव्हती.
अक्षर ओळखीचं होतं.

आता तोच माणूस बशी उपडी करून ठेवतोय.
सहा वाजले, म्हणतो, पोरं आली असतील.
पिशवीतून एक दमलेला चेंडू काढतो,
शिवणीशी मऊ पडलेला,
आणि माझ्या हातात देतो.
धर जरा. कुठून हवा जाते बघ,
तुझी नजर चांगली आहे.

त्याच्या आवाजात काही आहे का, मी शोधतो.
नाही.
किंवा आहे, आणि मला आता कळत नाही.

बाह्या वर करून मी चेंडू टबात दाबतो.
तो वर येऊ बघतो, मी दाबून धरतो.
पाणी काळं आहे, त्यात माझे दोन हात
कोपरापासून तुटल्यासारखे दिसतात.
सगळे वाकून बघतायत.
बुडबुडा आला का? मुनाफ विचारतो.

धप्प.
पाणी हलतं.
थांबा, मी म्हणतो,
थांबा, नीट बघू द्या.