वासे मोजताना

खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत म्हणतात.
माझं पोटच त्यावर.
गळ्यात नगरपालिकेचं ओळखपत्र, खिशात टॉर्च आणि टेप,
सकाळी साडेनऊला बक्स्टनच्या चढावर धापा टाकत उभी,
आणि समोर हे जुळं.
अठराशे अडुसष्ट. संरक्षित, दर्जा दोन.

लांबून एकच हवेली.
मधोमध त्रिकोणी माथा, त्याला कोरीव लाकडी झालर,
एकच धुराडं, आठ तोंडांचं,
दोन फुगीर खिडक्या, एकीनं दुसरीची नक्कल करावी तशा.
दारं मात्र पार कडेला, सावलीत,
फोटोत नको असलेल्या सोयऱ्यांसारखी.
कुणा कापडवाल्यानं आणि कुणा दातांच्या डॉक्टरानं
अर्धे अर्धे पैसे घालून
अख्खी श्रीमंती बांधून घेतली असणार.
मला ही लबाडी आवडते.
कागदावर लिहिते: प्रमाणबद्ध.

डावीकडे फर्न बँक. मिस्टर ऑलरेनशॉ, वय एक्याऐंशी.
उजवीकडे लिन बँक. मिसेस थॉर्निली, गुडघे गेलेले.
मध्ये चौदा इंची भिंत
आणि एकोणीस वर्षांचा अबोला.
कारण पन्हळ. दोघांत एकच,
आणि ती कुणी साफ करायची.

ऑलरेनशॉंनी कधीकाळी सांध्यांत सिमेंट भरलं,
तेव्हापासून दगड पापुद्र्यापापुद्र्यानं सुटतोय.
चुना असता तर पाणी आलं तसं गेलं असतं.
सिमेंट धरून ठेवतं.
(हे मी दगडाबद्दल म्हणते आहे.)

मिसेस थॉर्निली चहा देतात, खिडकी वर सरकवून दाखवतात
एका बोटानं.
चौकटीच्या पोटात बिडाची वजनं लोंबतात,
कुणाला दिसत नाहीत,
म्हणून काच इतकी हलकी.
जुनी काच, लाटांची.
तिच्यातून समोरचं पोस्टाचं खोकं जरा पोहतं.

"त्याच्याच बाजूनं पाणी मुरतंय," त्या म्हणतात.
हे वाक्य माझ्या भाषेत कसं ऐकू आलं
ते त्यांना सांगायला गेले, अर्ध्यात सोडून दिलं.

मग शिडी. झाकण. टॉर्च.

आणि वर भिंत नाही.
गवंडी छतापर्यंत आले आणि थांबले,
कोण बघतंय म्हणून.
या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच अंधार,
एकच पाखं, तीच कौलाची पाटी, तेच जाळं.
मी मोजले. वासे बत्तीस.
सोळा कुणाचे, सोळा कुणाचे, लाकडावर लिहिलेलं नाही.

फुटक्या पाटीखाली, थॉर्निलीबाईंच्या बाजूला,
जस्ताची बादली.
आठवडाभर पाऊस लागलेला
आणि बादलीत दोन बोटं पाणी.

तिच्यापासून पलीकडच्या झाकणापर्यंत
आडव्या टाकलेल्या फळ्या.
फळीवर बागेत गुडघे टेकायची रबरी गादी,
दोन खळगे पडलेली.
जवळच्या वाशावर पेन्सिलीनं बारीक तारखा:
३ नोव्हें. अर्धी.
९ नोव्हें. भरून.
नाताळच्या दिवशीची एक.
सगळ्यात जुनी तारीख
अबोल्याच्या दुसऱ्या हिवाळ्यातली.

घर फिरलं की वासे फिरतात म्हणे.
मी हात लावून पाहिला.
कोरडा होता.

"काय दिसलं?" खालून.
"लाकूड चांगलं आहे," मी म्हटलं,
आणि उतरताना झाकण जपून लावलं.

दुपारी फर्न बँक. दार उघडताच ऑलरेनशॉंनी
हवामानाला दोन शिव्या हासडल्या,
मग पन्हळीला, मग त्या बाईला.
त्यांच्या विजारीच्या गुडघ्यांवर करडी धूळ.
मी वहीत बघत राहिले.

नियम सांगतो, माळ्यावर मधोमध भिंत हवी,
आग इकडून तिकडे जाऊ नये म्हणून.
नियम बरोबर आहे. मी स्वतः तो बाकीच्यांना शिकवते.
आज गुरुवार. अहवाल सोमवारी द्यायचा.
बाकी सगळे रकाने भरून झालेत,
झालरीची नक्षीसुद्धा.