रिजेक्शन

एकतीस वर्षं उद्यमनगरात पॅटर्न केले.
सागाचे, शिवणीचे, शेवटी शेवटी ॲल्युमिनियमचे.
फौंड्रीच्या भिंतीवर फळा असायचा,
त्यावर रोज सकाळी:
काल ओतलेले किती, बाद किती.
टक्का तीनच्या वर गेला की मालक चहा बंद करायचे.

मी रिटायर झालो, शालन अजून पोस्टात,
म्हणून स्वयंपाकघर माझ्याकडं आलं.
पहिल्याच महिन्यात घंटागाडीवरच्या सुनंदानं
ओल्या कचऱ्याचा डबा दोन्ही हातांनी उचलत विचारलं,
"मामा, घरात लगीन होतं काय?"

नव्हतं.
अडीच माणसं आम्ही. अर्धी म्हणजे लेक,
जी घरी जेवते म्हणते आणि मिसळ खाऊन येते.
डब्यात होता कालचा भात, त्याखाली परवाचा भात,
कपिलतीर्थातनं दहाला तीन म्हणून आणलेल्या
कोथिंबिरीच्या काळ्या पडलेल्या जुड्या,
आणि तळाशी पांढऱ्याचं वाटण,
खोबरं, तीळ, खसखस, हात भरून काजू.
फुटलेल्या ब्रॅकेटची वाटायची
तशी लाज वाटली मला त्याची.

मग दाराच्या मागं खडूनं लिहायला लागलो.
सोमवार: भाकरी दीड, आमटी एक वाटी.
मंगळवार: वांगी तीन. कारण कळवा.
कारण कुणी कळवलं नाही.
शालन म्हणाली, "अहो, घर हाय हे. फौंड्री न्हवं."
लेकीनं फोटो काढून मैत्रिणींना पाठवला.

पण खरं सांगू, फौंड्रीत वाया काही जात नाही.
रस साच्यात उतरायला वाट लागते,
त्या वाटेत थिजलेलं लोखंड, रनर, रायझर,
हातोड्यानं तोडून पुन्हा भट्टीत.
बाद ब्रॅकेटसुद्धा उद्या चांगला ब्रॅकेट होतो.
हे आठवलं तसे कोथिंबिरीचे देठ खलबत्त्यात गेले.
दोडक्याच्या शिरांची चटणी झाली.
रविवारचा तांबडा सोमवारी बटाट्यांवर पडला.
गंगावेशीतून समोर पिळून आणलेलं दूध
चैत्रात नासलं, तर गूळ घालून आटवत बसलो.
वडी करपट लागली.
संपली मात्र.

मार्गशीर्षात तीन दिवस ओळीनं शून्य.
"गावाला गेलतासा काय, मामा?" सुनंदा म्हणाली.
मी शून्याभोवती चौकट काढली.

त्याच रात्री साडेनऊला फाटक वाजलं.
धोंडिराम लोहार. आमच्या भट्टीवरचा.
मेहुण्याला सीपीआरमध्ये ठेवलंय, म्हणाला,
वाटेवर घर होतं म्हणून आलो.
"जेवून आलोय" म्हणाला
आणि बुट्टीकडं बघितलं.
बुट्टी पुसून पालथी घातलेली.
शालन उठली, पीठ मळायला घेतलं,
तो नको नको म्हणत चपलेत पाय घालत होता.
अर्धी भाकरी उभ्यानं खाल्ली त्यानं,
आम्हाला बरं वाटावं म्हणून.

झोप लागेना. पेटीतून जुनी पट्टी काढली.
पॅटर्नवाल्याची पट्टी दुकानातल्या पट्टीसारखी नसते.
शंभराला एक जादा असतो तिच्यात,
कारण लोखंड निवताना आकसतं,
आणि नेमक्या मापाचा पॅटर्न केला
तर वस्तू तोकडी येते.
एकतीस वर्षांत तो जादा एक
मी कधी बाद म्हणून लिहिला नाही.

सकाळी खडू घेतला.
शून्य पुसलं नाही, शेजारी लिहिलं:
एक भाकरी आकसणीची.

कुणी आलं तर त्याची.
नाही आलं तर सकाळी कुसकरायची,
लसणाची फोडणी, वर शेंगदाण्याचं कूट.
लेक कढईतनंच खाते, घाईत,
आणि म्हणते,
"पप्पा, थोडं जास्त करत जावा की."